पोलीस थाण्यावरून फुटेज मागतात, भाडेकरूंची यादी मागतात: काय द्यायचं आणि कसं द्यायचं?

रामबागची_गच्ची

नमस्कार मंडळी. इंदूरच्या आमच्या रहवासी संघासाठी एक पानी नियम लिहायचा आहे. इमारत चौदा फ्लॅटची. त्यातले पाच फ्लॅट कोचिंगच्या मुलामुलींना दिलेले, एकूण बावीस जण. फाटक, जिना, पार्किंग आणि गल्लीची बाजू धरून 8 कॅमेरे, डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात) 2 टीबीची डिस्क.

मागण्या चार तऱ्हेच्या येतात. एक, आरक्षक (पोलीस शिपाई) येऊन तोंडी सांगतो, "परवा रात्रीचं फुटेज व्हॉट्सॲपवर टाका." दोन, "कॅमेऱ्यांच्या ॲपचा क्यूआर द्या, आम्ही आमचं बघून घेऊ." तीन, भाडेकरूंच्या आधारच्या झेरॉक्स, आणि सोबत कोण किती वाजता येतं, कोणाला भेटतं याचं रजिस्टर. चार इमारतीच्या बाहेरची: नाक्यावर मुलांना थांबवून फोन उघडायला लावतात, म्हणून पालक आम्हाला विचारतात की मुलांनी काय करायचं.

समितीत दोन तट आहेत. अर्धे म्हणतात, देशाच्या सुरक्षेचं काम आहे, लपवायचंय काय? अर्धे म्हणतात, कागद नसेल तर काही मिळणार नाही. दोन्ही बाजूंची माणसं शहाणी आहेत, त्यामुळे भांडण मिटत नाही. भाषणं नकोत. कलम, मुदत, फॉर्म आणि कुठे चुकतं, एवढं सांगा.

---

आवक_जावक

क्रमाने घेतो. जुने आकडे विसरा. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसी गेली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या कलमांचे छापील फॉर्म फिरतात, ते बघून गोंधळू नका.

फुटेजसाठी कलम 94. (जुनं 91.) तपासासाठी एखादी वस्तू, दस्तऐवज किंवा डिजिटल पुरावा असलेलं उपकरण लागत असेल, तर थाना प्रभारी, म्हणजे आपला टीआय, लेखी आदेशाने ते मागवू शकतो. यातले दोन शब्द पकडून ठेवा. पहिला 'लेखी'. दुसरा 'थाना प्रभारी'. गस्तीवरच्या आरक्षकाला स्वतःच्या नावाने हा आदेश काढता येत नाही. तो फक्त आणून देऊ शकतो.

समितीतल्या दोन्ही तटांनी आता जरा ऐका. नव्या कलमात हा लेखी आदेश इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही चालतो असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे टीआयने गाडीत बसून सहीचा आदेश ईमेलने धाडला तरी तो आदेशच. "कागद करायला वेळ नाही" ही सबब कायद्यानेच काढून घेतली आहे. कागद मागणारा तपास अडवतो, हा आरोपही त्याबरोबर गेला.

आदेशात काय असायला हवं: गुन्हा क्रमांक किंवा मर्ग (अकस्मात मृत्यू) क्रमांक किंवा निदान थाण्याच्या रोजनामच्यातली नोंद, तारीख आणि वेळेची हद्द, कुठपासून कुठपर्यंत, कोणत्या कॅमेऱ्याचं फुटेज, अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, सही. "मागील एक महिन्याचे संपूर्ण फुटेज" असं लिहून आलं तर नम्रपणे उलट पत्र द्या: कोणता दिवस, कोणती वेळ? एवढ्या प्रश्नावर बहुतेक मागण्या तीस दिवसांवरून तीन तासांवर येतात.

देताना पावती घ्या. प्रत पेनड्राइव्हवर, सोबत आपलं एक पत्र, आणि त्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर थाण्याच्या आवकचा शिक्का. तो शिक्का नसेल तर सहा महिन्यांनी "तुम्ही फुटेज दिलंच नाही" असं कोणी म्हटलं की तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

डीव्हीआरच उचलून नेत असतील तर गोष्ट वेगळी. ती जप्ती, कलम 106. जप्ती पत्रकावर मॉडेल, सीरियल नंबर, आतल्या डिस्कचा सीरियल नंबर आणि साक्षीदारांच्या सह्या हव्यात. कलम 105 नुसार झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण पोलिसांनीच करायचं असतं. तुम्ही फक्त विचारा, "साहेब, रेकॉर्डिंग चालू आहे ना?" आवाज न चढवता. पत्रकाची प्रत मागून घ्या.

जबाबासाठी बोलावणं आलं तर कलम 179. स्त्रिया, 15 वर्षांखालचे आणि 60 वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसं यांना थाण्यावर बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं. रहवासी संघांचे सचिव बहुतेक निवृत्त काकाच असतात, म्हणून हे सांगून ठेवतो.

आता 'कागदाशिवाय काही नाही' वाल्यांसाठी. कलम 33 वाचा. राज्याविरुद्धचे गुन्हे, खून, दरोडा अशा ठरावीक गुन्ह्यांची माहिती असेल तर ती आपणहून कळवणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. तिथे आदेशाची वाट बघायची नसते. जिन्यात रक्त दिसलं तर 112 लावायचा, कलम 94 चा कागद मागत बसायचं नाही.

भाडेकरूंची माहिती हा वेगळा मुद्दा. ती बहुधा कलम 163 च्या आदेशाने मागतात. (हेच जुनं 144.) असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त दोन महिने चालतो, त्यापुढे राज्य सरकारने वाढवला तर आणखी सहा महिन्यांपर्यंत. म्हणून फाटकावर कोणी "आदेश आहे" म्हटलं की क्रमांक आणि तारीख विचारा. आदेश चालू असेल तर माहिती द्याच, कारण मोडला तर भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) कलम 223 लागतं: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जिवाला धोका झाला तर वर्षभर आणि 5000. मुदत संपलेली असेल तर नवा आदेश मागा. आदेशात जे रकाने आहेत तेवढेच भरायचे. 'कोणाला भेटतात' असा रकाना आदेशात नसेल, तर तो तुमच्या रजिस्टरमध्येही नको.

---

डीव्हीआरची_बॅटरी

वरचं कायद्याचं ठीक आहे, पण 2 टीबी आणि 8 कॅमेरे वाचून थांबलो. तुमच्याकडे द्यायला फुटेज असेल का, हा आधीचा प्रश्न.

हिशेब मांडा. 2 मेगापिक्सेलचा कॅमेरा, एच.265 (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत; जुनी एच.264), साधारण 2 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट. एका दिवसाचे 21.6 जीबी. आठ कॅमेऱ्यांचे 173 जीबी. 2 टीबी डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि बारावा दिवस पहिल्याच्या उरावर बसतो. जुना डीव्हीआर एच.264 वर 4 एमबीपीएसने चालत असेल तर सहा दिवससुद्धा नाहीत. चोरीची तक्रार, तपास अधिकारी नेमणं, त्याचं गल्लीत येणं, यात दहा-बारा दिवस सहज जातात. मग "फुटेज लपवलं" असा संशय येतो, आणि खरं कारण डिस्क लहान असणं हे असतं. 30 दिवस ठेवायचे असतील तर 5.2 टीबी लागतात, म्हणजे 6 टीबीची डिस्क घ्या, आणि तीही सीसीटीव्हीसाठीची. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेली नसते, लवकर मान टाकते.

जिन्याच्या कॅमेऱ्याला 'मोशन'वर (हालचाल दिसली तरच) रेकॉर्डिंग चालतं. फाटकाला नको. रात्री कमी उजेडात मोशन चुकतं आणि नेमका हवा तो मिनिट गायब असतो.

दुसरं, घड्याळ. ही सगळ्यात मोठी भानगड. डीव्हीआरमध्ये सीआर2032 ची चपटी बॅटरी असते, ती संपली की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. बॅटरी ठीक असली तरी महिन्याला मिनिट-दोन मिनिटं घड्याळ सरकतं. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवायची सोय) चालू करा, टाइम झोन +5:30 आहे ना बघा. फुटेज काढायच्या आधी डीव्हीआरचा पडदा आणि शेजारी मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या आणि पत्रात लिहा: "डीव्हीआर 7 मिनिटे पुढे." हे लिहिलं नाही तर 11.52 ला फाटकातून गेलेला मुलगा 11.45 ला झालेल्या घटनेनंतर गेला असं दिसतं, खरा तो घटनेच्याच मिनिटाला तिथे असतो. किंवा उलटं. दोन्ही प्रकारांत कोणाचं तरी वाटोळं होतं.

काढताना:
- मागितलेल्या वेळेच्या आधीची आणि नंतरची दहा मिनिटं जोडून काढा, जास्त नाही.
- डीव्हीआरच्या मूळ फॉरमॅटमध्ये काढा, सोबत त्याचा प्लेअर द्या. एव्हीआय केलं की कधी वेळेची पट्टी उडते, कधी फ्रेम गळतात.
- पेनड्राइव्ह एक्सफॅट करून घ्या. फॅट32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, मधेच तुटते.
- व्हॉट्सॲपवर टाकू नका. तो व्हिडिओ दाबून लहान करतो, नंबर प्लेट वाचता येत नाही, आणि फाइल बदलल्यामुळे हॅश जुळत नाही.

हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. विंडोजमध्ये सर्टयूटिल नावाची आज्ञा आधीच असते, तिने एसएचए-256 काढा. 64 अक्षरं येतात, ती प्रिंट करून पत्राला जोडा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅशसाठी रकानाच आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग: 'अ' तुम्ही भरायचा, 'ब' तज्ज्ञाने. तुमच्याकडून 'अ' तेवढा जातो.

हे नसलं की काय होतं ते महाराष्ट्रातल्या एका निवडणूक खटल्यात दिसलं. जालन्याची 2014 ची विधानसभा निवडणूक. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हे निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं, आणि अधिकारी प्रमाणपत्रच देईनात. अर्जुन पंडितराव खोतकर खटला म्हणून तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2020 मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रत दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्र आणि त्याचा मालक साक्षीला उभा राहिला तर गोष्ट वेगळी. म्हणजे व्हॉट्सॲपवरची क्लिप मागणारा हवालदार स्वतःचाच खटला पोखरत असतो.

आणि क्यूआर. तो देऊ नका हो. बहुतेक ब्रँडमध्ये डिव्हाइसचा क्यूआर आणि पासवर्ड मिळाला की माणूस कुठूनही आठही कॅमेरे थेट बघू शकतो, मागचं रेकॉर्डिंग चाळू शकतो, आणि ॲडमिनचा पासवर्ड दिला असेल तर पुसूही शकतो. बदली झाली तरी त्याच्या फोनमध्ये तो तसाच राहतो. आधी 'ॲडमिन' पासवर्ड बदला. बसवणाऱ्याने बहुधा 12345 च्या आसपास काहीतरी ठेवलेला असेल.

---

बंदोबस्त_ड्युटी

दोघांचं वाचलं. पोलिसांच्या बाजूनंही कोणीतरी लिहायला हवं.

मार्च 2008 मध्ये बंदी असलेल्या सिमी संघटनेच्या म्होरक्यांना पकडलं ते इथेच, इंदूरमध्ये. हे शहर बाहेरून आलेल्या मुलांचं आहे. भंवरकुआला एका गल्लीत जेवढे भाडेकरू असतात तेवढी काही गावांची वस्ती नसते. कोण कुठे राहतो हे थाण्याला माहीतच नसेल तर काही घडल्यावर पहिले दोन दिवस पत्ते शोधण्यात जातात. 26/11 ला हल्लेखोरांना पलीकडून फोनवर सूचना देणाऱ्यांचं बोलणं हल्ला चालू असतानाच ऐकलं गेलं, आणि पुढे तेच न्यायालयात पुरावा म्हणून उभं राहिलं. असं ऐकणं नको, असं कोणी म्हणेल का? रंगपंचमीच्या गेरला (मिरवणुकीला) राजवाड्यावर जी गर्दी होते, तिच्यात एक पिशवी बेवारस सापडली तर मागचा अर्धा तास बघायला कलम आणि जावक क्रमांक शोधत बसायचं?

त्यामुळे नियमात तातडीची खिडकी ठेवा. बॉम्बची बातमी, हरवलेलं मूल, पळवलेली मुलगी: अशा वेळी अधिकाऱ्याने तिथेच उभं राहून स्क्रीनवर बघावं, तुम्ही दाखवावं. प्रत आणि कागद मागाहून, 24 तासांत. बघू देणं आणि नेऊ देणं यात फरक आहे. तो ठेवला की दोन्ही तटांना जागा होते.

विदेशी विद्यार्थी ठेवला असेल तर तसं कळवणारा फॉर्म (जुना फॉर्म सी) 24 तासांत ऑनलाइन भरायचा असतो, तिथे थाण्याच्या आदेशाची वाट बघायची नसते. हा बऱ्याच घरमालकांकडून राहतो आणि मग अडचण त्या मुलाची होते.

आधारबद्दल: मास्क्ड आधार द्या. शेवटचे चार आकडे दिसतात, ओळख पटवायला तेवढे पुरतात. यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवता येतं. झेरॉक्सवर आडवं लिहा: "फक्त भाडेकरू पडताळणीसाठी", तारीख, सही. बावीस झेरॉक्सांचा गठ्ठा चहाच्या टपरीवरच्या पोरासोबत पाठवू नका, हेही घडतं. मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भाडेकरूची माहिती भरायची सोय आहे, तिथे भरली की पावती आपोआप मिळते.

---

पंचवीस_सालचा_पिंपळ

बंदोबस्त दादांच्या खिडकीला माझा पाठिंबा. 26/11 च्या उदाहरणाचा दुसरा पदर मात्र बघा.

फोन ऐकायचा तर आदेश कोण देतं? केंद्रात गृहसचिव, राज्यात राज्याचा गृहसचिव. आदेश 60 दिवसांचा, वाढवून वाढवून एकूण 180. अगदी तातडीत यंत्रणेच्या वरिष्ठाने सुरू केला तरी सात कामाच्या दिवसांत मान्यता मिळाली नाही तर बंद. वर पुनर्विलोकन समिती. ही चौकट पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यातल्या 1996 च्या निकालातून आली आणि डिसेंबर 2024 च्या नव्या नियमांतही राहिली. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात लाचेच्या तपासासाठी काढलेले टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ऐकलेलं नष्ट करायला सांगितलं, कारण त्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच नव्हता.

आता तुमचा क्यूआर त्याच्या शेजारी ठेवा. एका माणसाचा फोन दोन महिने ऐकायला गृहसचिवाची सही, आणि बावीस मुलांचं रोजचं येणं-जाणं बेमुदत बघायला सचिव काकांचा होकार. कलम 94 तपासाला लागणाऱ्या वस्तूबद्दल आहे. कायम उघडी खिडकी त्यात बसवणं म्हणजे ओढून ताणून.

हा वाद आपल्याच राज्यातून एकदा दिल्लीला गेलेला आहे. गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, 1975. मध्य प्रदेश पोलीस विनियम 855 आणि 856 खाली एका माणसावर पाळत होती: रात्री-अपरात्री घरी येणं, दार वाजवणं, शेजाऱ्यांकडे चौकशी. 'निगरानी बदमाश' (पोलिसांच्या पाळतीवरचा गुन्हेगार) हा शब्द इंदूरच्या पेपरात रोज वाचता ना, तो याच दुनियेतला. सर्वोच्च न्यायालयाने विनियम रद्द केले नाहीत. मात्र त्यांचा अर्थ आवळला: समाजाच्या सुरक्षेला ज्याच्यापासून खरोखर धोका आहे त्याच्यावरच घरभेटी आणि पहारा, शिक्षा भोगून आलाय एवढ्यावरून, किंवा अधिकाऱ्याच्या लहरीवरून नाही. जो न्याय शिक्षा झालेल्या माणसाला मिळाला, तो पीएससीची तयारी करणाऱ्या पोराला मिळू नये?

दुसरी गोष्ट इंदूरची खास. डिसेंबर 2021 ला इथे पोलीस आयुक्तालय आलं. त्याआधी 144 चा आदेश कलेक्टर काढायचा, पोलिस राबवायचे. आता 163 चा आदेश काढणारं आणि राबवणारं ऑफिस एकच. हे बेकायदा नाही, मोठ्या शहरांत असंच असतं. पण मधला एक माणूस, जो "हे खरंच लागतंय का?" असं विचारू शकत होता, तो गेला. म्हणून आदेशाची तारीख बघायचं काम आता फाटकावर येऊन पडलंय. या अधिकाराची हद्द आपल्या मधु लिमयांच्या खटल्यात आखलेली आहे: 144 ची घटनात्मकता टिकली, पण प्रसंग अचानक उद्भवलेला आणि परिणाम पुरेसे गंभीर हवेत असं सात न्यायमूर्तींनी सांगितलं. दर दोन महिन्यांनी तोच आदेश तारीख बदलून निघत असेल तर त्यातलं 'अचानक' कुठे राहिलं?

आणि "लपवायचंय काय" वाल्यांना एकच सांगा. 26/11 साठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने 2006 मध्ये नाव कायदेशीर बदलून घेतलं होतं, पासपोर्ट खरा अमेरिकेचा होता, मुंबईत ऑफिससुद्धा थाटलं होतं. नोंदवहीत त्याची नोंद सगळ्यात स्वच्छ निघाली असती. कोण कोणाला भेटतं याचं रजिस्टर तयारीच्या माणसाला सापडत नाही. सापडते ती दुसऱ्या धर्माच्या मित्राला भेटणारी मुलगी, आणि तिचा पत्ता मग भलत्यांच्याच हाती पडतो.

---

रामबागची_गच्ची

फार उपयोग झाला. कच्चा मसुदा असा:

1. फुटेज टीआयच्या लेखी किंवा ईमेल आदेशावरच. आदेशात तारीख, वेळ, कॅमेरा.
2. तातडीत अधिकाऱ्याला स्क्रीनवर दाखवायचं. प्रत कागद आल्यावर, 24 तासांत.
3. योग्य कारण असल्यास थेट प्रक्षेपणाची परवानगी समिती देईल.
4. भाडेकरूंची माहिती चालू आदेशातल्या रकान्यांपुरती. मास्क्ड आधार.
5. ये-जा रजिस्टर फक्त बाहेरच्या पाहुण्यांचं: नाव, वेळ, फ्लॅट नंबर. 30 दिवसांनी फाडायचं.

फोनचं राहिलं. आणि जे फुटेज मागितलं गेलंय ते बाराव्या दिवशी पुसलं जाऊ नये म्हणून काय?

---

आवक_जावक

फोन. नाक्यावर गाडीचे कागद मागता येतात, संशय असेल तर थांबवून विचारता येतं. पण रस्त्यावरच्या कोणाचाही फोन उघडून चॅट वाचायचा सरसकट अधिकार मला तरी कुठल्या कलमात दिसत नाही. झडतीसाठी कलम 185 आहे, आणि त्यात अधिकाऱ्याने आधी कारणं लिहून ठेवायची असतात. मुलांना एवढंच शिकवा: फोन हातात घट्ट पकडून झोंबाझोंबी करायची नाही, पळायचं नाही, "सर, नोटीस द्या, मी वकिलाला विचारून थाण्यावर आणून देतो" असं म्हणायचं. फोन घेतलाच तर जप्ती पत्रक मागायचं आणि त्यावर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहून घ्यायचा. 15 आकडी असतो, *#06# दाबलं की दिसतो. तो आजच वहीत उतरवून ठेवा, फोन गेल्यावर दाबायचा कशावर?

अंगठा आणि पिन यांत फरक आहे. काथी कालू ओघड, 1961, अकरा न्यायमूर्ती: बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे. पिन डोक्यातून काढून सांगावा लागतो, म्हणून आरोपी राज्यघटनेच्या कलम 20(3) चा (स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही) आधार घेतो. यावर निकाल एका दिशेचे नाहीत: कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये पोलिसांच्या बाजूने कौल दिला, दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने 2022 मध्ये पासवर्ड ही साक्षच धरली. मुलांना कायदेपंडित करू नका. फोनला सहा आकडी पिन ठेवा आणि रात्री प्रवासात फेस अनलॉक बंद, एवढं पुरे.

---

डीव्हीआरची_बॅटरी

पुसण्याबद्दल: मागणी तोंडी आली तरी त्याच दिवशी तेवढा तुकडा काढून बाजूला ठेवा. काढून ठेवणं म्हणजे देणं नव्हे. लिफाफ्यात पेनड्राइव्ह, वर तारीख आणि हॅश, संघाच्या कपाटात. 30 दिवसांत लेखी आदेश आला नाही तर दोघांच्या सहीने पुसा आणि रजिस्टरमध्ये लिहा. काही डीव्हीआरमध्ये फाइल 'लॉक' करता येते, पण डिस्क भरत आली की हे लॉक त्रास देतं. तुमच्या 2 टीबीवर तर नकोच.

गल्लीच्या कॅमेऱ्याची दिशाही तपासा. समोरच्या घराचं दार किंवा गच्ची दिसत असेल तर 'प्रायव्हसी मास्क' नावाची काळी चौकट मेनूत असते. पाच मिनिटांचं काम.

---

पंचवीस_सालचा_पिंपळ

मसुद्यातलं कलम 3 काढा. 'योग्य कारण' कोण ठरवणार? रात्री दहाला दोन गणवेशधारी दारात उभे असतात तेव्हा समिती म्हणजे एकटे सचिव काका आणि त्यांचं बीपी. "थेट प्रक्षेपण दिले जाणार नाही, न्यायालयाचा आदेश असल्यास सर्वसाधारण सभेपुढे ठेवले जाईल" असं लिहा. मग काकांना नाही म्हणायची वेळच येत नाही, कागदाकडे बोट दाखवलं की झालं.

---

बंदोबस्त_ड्युटी

तीन काढा, हरकत नाही. दोनमध्ये मात्र 'अधिकाऱ्याला'च्या आधी 'ओळखपत्र दाखवणाऱ्या' हे शब्द घाला. साध्या वेशात येऊन "क्राइम ब्रँच" म्हणणारे तोतयेही फिरतात. नाव, हुद्दा, थाना रजिस्टरमध्ये लिहून घ्या, शंका आली तर थाण्याच्या लँडलाइनला फोन लावून खात्री करा. त्याने दिलेल्या मोबाइलवर नाही. खरा अधिकारी दोन मिनिटं थांबतो.

आणि डीव्हीआरच्या खोलीची किल्ली वॉचमनकडे असेल तर आजच काढून घ्या. पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सह्या.